मरायला विसरलेल्या पेशी आणि डॉ. कमल रणदिवे

आईच्या पोटात सहाव्या आठवड्यात बाळाचा हात म्हणजे वल्ह्याच्या पात्यासारखी एक चपटी वाढ असते. त्यात बोटांच्या जागा ठरलेल्या असतात, पण बोटे एकमेकांना चिकटलेली असतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मधल्या पडद्यातल्या पेशी एकामागून एक मरतात आणि पाच बोटे सुटी होतात. त्या वेळेवर मेल्या नाहीत तर बाळ जोडबोटे घेऊन जन्माला येते. म्हणजे आपला हात जितका पेशींच्या वाढीतून घडतो तितकाच त्यांच्या मरणातूनही घडतो.

हे काम जन्मानंतरही थांबत नाही. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. आतड्याच्या आतले अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्याने तयार होतात. हा हिशेब इतका चोख असतो की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चुकला की मात्र लागतो. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असे सगळे सांगतात. ते खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे असे, की ज्या पेशीने मरायला हवे होते ती मरत नाही.

ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत नीट लिहिली जायच्या कितीतरी आधीपासून अशा न मरणाऱ्या पेशी काचेच्या नळ्यांत सांभाळत, त्यांचा अभ्यास करत एका पुणेरी बाईने आपले आयुष्य घालवले. डॉ. कमल रणदिवे हे त्यांचे नाव. २०२१ च्या ८ नोव्हेंबरला, त्यांच्या १०४व्या जन्मदिनी, गूगलने त्यांचे चित्र पहिल्या पानावर लावले तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच वाचले. महाराष्ट्रात तरी ते त्याआधीच माहीत असायला हवे होते.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलींनी भरपूर शिकावे हा त्यांचा आग्रह होता, आणि कमलने डॉक्टर व्हावे, डॉक्टरशीच लग्न करावे, हीही इच्छा होती. हुजूरपागेतून शिकून कमल फर्ग्युसनमध्ये गेली, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन विशेष प्राविण्यासह पदवीधर झाली, आणि वडिलांच्या दोन्ही इच्छा तिने बाजूला ठेवल्या. मेडिकलला न जाता तिने पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पुढचे शिक्षण घेतले. लग्न केले ते गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी, १९३९ च्या मे महिन्यात.

एम.एस्सी.साठी त्यांनी निवडलेला विषय सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा होता. १९४३ मध्ये ही पदवी मिळाली. कर्करोगाशी याचा काय संबंध, असे वाटेल. संबंध असा, की गुणसूत्रे मोजायची तर पेशी विभागत असतानाच तिला पकडावे लागते. पातळ काप घ्यायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बसायचे, आणि शेकडो पेशींतून नेमकी हवी ती शोधायची. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. सगळी पुस्तके ४८ म्हणत होती, आणि ती चूक १९५६ पर्यंत टिकली. अशा काळात पेशीकडे पाहण्याची जी शिस्त सीताफळाने लावली, ती पुढे उपयोगी पडली. पेशी झाडाची असो की माणसाची, ती विभागते कशी हे पाहणाऱ्या डोळ्यांना फारसा फरक पडत नाही.

लग्नानंतर रणदिवे दांपत्य मुंबईला आले. परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले होते. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना निघाली. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या रोगनिदानशास्त्राचे आद्य पुरुष. खानोलकरांचा स्वभाव असा की रोग काचपट्टीवर दिसला एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. तो याच माणसाला का झाला, हे ते विचारत. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा कर्करोग होतो, धोतर-लुगड्याची गाठ कमरेला जिथे वर्षानुवर्षे घासते तिथे कातडीचा होतो, पारशी बायकांत स्तनाचा जास्त आढळतो आणि हिंदू बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा, अशा नोंदी त्यांच्या खात्यात जमत होत्या. कर्करोग ही नशिबाची गोष्ट नाही, राहणीशी तिचा संबंध आहे, हे आज सगळे बोलतात. १९४० च्या दशकात असे बोलणारे थोडे होते.

कमलाबाई या खात्यात आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. घर, लहान मूल आणि संशोधन हे तिन्ही एकाच वेळी चालले होते. त्या पिढीत हे करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांच्याविषयी लिहिताना नवऱ्याने प्रोत्साहन दिले हे वाक्य हमखास येते. ते इथेही खरे आहे, फक्त पुरुष शास्त्रज्ञाच्या चरित्रात बायकोने प्रोत्साहन दिल्याचे वाक्य तितक्या अगत्याने का येत नाही, हा प्रश्न उरतो.

खानोलकरांनीच त्यांना परदेशी फेलोशिपसाठी अर्ज करायला लावले. त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर शिकायला गेल्या. टिश्यू कल्चर म्हटले की आज शेतकऱ्याला केळीची रोपे आठवतात. तत्त्व तेच आहे, पण प्राण्याची पेशी वनस्पतीच्या पेशीपेक्षा कितीतरी नाजूक. शरीरातून काढलेला तुकडा काचेच्या नळीत ठेवायचा, शरीराइतकीच ऊब द्यायची, खायला द्यायचे, मळ काढायचा, आणि एकही जंतू आत जाऊ द्यायचा नाही. गाय यांच्याकडे कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क आणि बाळंतपणाच्या खोलीतून आणलेले नाळेचे रक्त यांचे मिश्रण पेशींना खाऊ घालत. नळ्या एका संथ फिरणाऱ्या पिंपात बसवलेल्या असत, म्हणजे पेशी कधी द्रवात, कधी हवेत. जॉर्ज यांच्या पत्नी मार्गारेट शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका होत्या, आणि नळ्या धुण्या-उकळण्याची सगळी कडक शिस्त त्यांची. एवढे करूनही बहुतेक पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरत.

माणसाच्या पेशी बाहेर मरतात याचे कारण तेव्हा कोणाला नीट कळले नव्हते. उलट एक मोठा गैरसमज रूढ होता. नोबेल मिळालेले अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या हृदयाचा तुकडा काचेत वाढवायला घेतला आणि त्या पेशी तीसहून अधिक वर्षे जिवंत असल्याचे जाहीर होत राहिले. त्यावरून सगळ्यांनी धरून चालले की पेशी मुळात अमर आहे, आपल्याच हातून काही चुकते म्हणून ती मरते. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की माणसाची साधी पेशी ५० च्या आसपास वेळा विभागते आणि मग थांबते. कितीही चांगले खायला घाला. कॅरेल यांचा दावा नंतर कोणालाही करून दाखवता आला नाही. तीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी स्वतःला दोष दिला, आणि दोष नव्हताच.

थांबत नाही ती कर्करोगाची पेशी. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयाच्या मुखातल्या गाठीचा तुकडा आला. त्यातल्या पेशी दर २४ तासांच्या आसपास दुप्पट होऊ लागल्या आणि थांबल्याच नाहीत. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती बाई गेली. तिच्या पेशी आजही जगभर वाढत आहेत, हीला या नावाने. पोलिओच्या लसीपासून कितीतरी शोधांत त्या वापरल्या गेल्या. तिला वा तिच्या नवऱ्याला कोणी विचारले नव्हते, आणि घरच्यांना हे कळायला वीसहून जास्त वर्षे गेली. वैद्यकाच्या इतिहासातले हे पान अभिमानाने उघडावे असे नाही.

त्या पेशी का मरत नाहीत, याचे उत्तर १९८० च्या दशकात आणि नंतर मिळत गेले. प्रत्येक निरोगी पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. गुणसूत्रांत दुरुस्त न होण्याजोगा बिघाड झाला तर ते पेशीला थांबवते किंवा मरायला लावते. हेन्रिएटाच्या गाठीत एचपीव्ही हा विषाणू होता, आणि या विषाणूचे एक प्रथिन पी-५३ ला नष्ट करते. राखणदारच नाहीसा झाल्यावर बिघडलेली पेशी विभागत राहते. मुलींना आज एचपीव्हीची लस देतात ती यासाठी, की हा विषाणू आत शिरूच नये.

बाल्टिमोरची कला घेऊन डॉ. रणदिवे मुंबईला परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले होते. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली अशी ती पहिली. आज पेशींचे खाद्य बाटलीत तयार मिळते, नळ्या प्लास्टिकच्या आणि एकदाच वापरायच्या असतात. त्या वेळी काचेचे प्रत्येक भांडे घासून, अनेकदा पाण्यातून काढून, उकळून घ्यावे लागे. साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरत. अशी प्रयोगशाळा निम्मी सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखीच असते. मुंबईच्या पावसाळ्यात भाकरीला बुरशी लागते, तिथे पेशींना लागायला किती वेळ? पेशी जगल्या तर विज्ञान. मेल्या तर आठवड्याची मेहनत मोरीत.

त्यांच्या कामाचा मोठा भाग स्तनाच्या कर्करोगाविषयी होता. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते की उंदरांच्या काही जातींत हा रोग आईच्या दुधातून पिल्लात जातो. पिल्लू दुसऱ्या जातीच्या मादीला पाजायला दिले तर रोग टळतो. दुधात एक विषाणू होता. डॉ. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या जाती सांभाळून आनुवंशिकता, संप्रेरके आणि हा विषाणू यांचा एकमेकांशी संबंध तपासला. एकटा विषाणू पुरत नाही, एकटी आनुवंशिकता पुरत नाही, संप्रेरकांनी जमीन तयार केलेली असावी लागते, हे त्या कामातून पुढे आले. उंदरातले सगळे जसेच्या तसे बाईला लागू होत नाही. माणसात आईच्या दुधातून स्तनाचा कर्करोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही, आणि बाळाला अंगावर पाजल्याने आईचा धोका कमी होतो हे मात्र पक्के आहे. या विषयावर कोणाच्या मनात शंका असेल तर ती इथेच काढून टाकावी.

स्तन हा अवयव पेशींच्या मरणाचा सर्वांत ठळक धडा आहे. गरोदरपणात दूध तयार करणाऱ्या पेशी प्रचंड संख्येने वाढतात. बाळाचे दूध सुटले की त्यांतल्या बहुतेक पेशी मरतात, आणि स्तन पूर्वीसारखा होतो. ना पू, ना ताप, ना व्रण. हीच संख्या भाजून किंवा गँगरीनने मेली असती तर बाई अंथरुणाला खिळली असती.

पेशी दोन तऱ्हांनी मरते, हा फरक इथे दिसतो. भाताच्या खाचरात घोणस चावली की पाय सुजतो, काळानिळा पडतो, मांस सडते. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की तिथला स्नायू मरतो. हे अपघाती मरण. पेशी फुगते, फुटते, आतले सगळे बाहेर सांडते आणि भोवती दाह होतो. दुसरे मरण पेशी स्वतः आतून घडवते. ती आक्रसते, केंद्रकाचे तुकडे करते, त्या तुकड्यांच्या बंद पुड्या बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. काही सांडत नाही. म्हणूनच शेकडो वर्षे सूक्ष्मदर्शक असूनही हे मरण कोणाच्या फारसे नजरेत भरले नाही.

१९७२ मध्ये कर, वायली आणि करी या तिघांनी त्याला नाव दिले, ॲपॉप्टोसिस. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकाने तो शब्द सुचवला. अर्थ, झाडाची पाने गळणे. मराठीत पानगळ हा नेमका शब्द हाताशी होता, पण पाठ्यपुस्तकांनी तो घेतला नाही. घेतला असता तर शिशिरात उभ्या असलेल्या कोणत्याही पळसाकडे बोट दाखवून शिकवता आले असते. पान वाऱ्याने तुटत नाही. झाडच देठाशी एक पातळ थर तयार करते आणि पान सोडून देते.

हे नाव आले तेव्हा डॉ. रणदिवे पंचावन्नच्या होत्या. पेशी मरते की नाही, हा प्रश्न त्या तोवर वीसेक वर्षे रोज सकाळी नळी उजेडाकडे धरून पाहत आल्या होत्या. शब्द नसताना गोष्ट माहीत असणे, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या बाबतीत नेहमीच घडते.

टिश्यू कल्चरचा उपयोग त्यांनी कर्करोगापुरता ठेवला नाही. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये सापडला, पण तो प्रयोगशाळेतल्या साध्या खाद्यावर वाढतच नाही. तो पेशीच्या आत राहतो, मज्जातंतूंचा त्याला विशेष लोभ. तेव्हा त्याला मज्जापेशींवरच वाढवून पाहावे, अशा विचाराने खानोलकर, रणदिवे आणि डॉ. बापट यांनी मानवी गर्भाच्या मज्जारज्जूजवळच्या पेशींचे कल्चर करून त्यावर कुष्ठरुग्णाच्या गाठीतले जंतू सोडले. १९५८ मध्ये त्यांना एक जंतू वाढवता आला. पुढे तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नसून त्याचा नातलग असल्याचे ठरले. तरीही संस्थेच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या आयसीआरसी जंतूपासून कुष्ठरोगावरची एक लस तयार झाली आणि महाराष्ट्रात तिच्या चाचण्या झाल्या. खरा जंतू आजही काचेत वाढलेला नाही. १९६४ मध्ये या कामासाठी डॉ. रणदिवे यांना वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला.

१९६६ ते १९७० ही चार वर्षे त्यांनी संस्थेचे संचालकपद सांभाळले. तिथून पुढे त्यांच्या चमूने हात घातला तो पान-सुपारी-तंबाखूला. सीरियन हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात दाणे साठवायला पिशवी असते. माणूस गालात तंबाखूची गोळी धरतो, तशीच ही जागा. त्या पिशवीला सुपारीचा आणि तंबाखूचा अर्क लावून काय होते ते त्यांनी पाहिले, आणि १९७६ व १९७९ मध्ये त्याचे निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय कर्करोग नियतकालिकात प्रसिद्ध केले. महत्त्वाचा मुद्दा सुपारीचा होता. तंबाखू वाईट हे लोक मान्य करू लागले होते, पण सुपारी म्हणजे पूजेतली, लग्नातली, जेवणानंतरची. तिच्या अर्कानेही गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीला कर्करोगकारक ठरवले ते २००४ मध्ये.

आंबेगाव-जुन्नरच्या खेड्यांत आजही अनेक बायकांचा दिवस मशेरीने सुरू होतो. तव्यावर तंबाखू भाजून काळी करायची, बोटाने हिरड्यांना चोळायची. दात साफ होतात, पोट साफ होते, असे समर्थन असते. होते ते असे: तोंडाच्या अस्तरातल्या पेशींची गुणसूत्रे रोज थोडी थोडी बिघडतात. बिघडलेल्या बहुतेक पेशी मरून जातात, हेच शरीराचे संरक्षण. पण वर्षानुवर्षे मारा चालू राहिला की एखाद्या पेशीत नेमके मरण घडवणारे यंत्रच बिघडते. ती एक पेशी पुरते. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आणि सुपारी खाणाऱ्याचे तोंड पूर्वीइतके न उघडणे, या तीन गोष्टी दुखत नाहीत म्हणून अंगावर काढल्या जातात. न दुखणे हे इथे चांगले लक्षण नाही. घोडेगाव-मंचरच्या सरकारी दवाखान्यात तोंड उघडून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि गरज पडली तर तुकडा तपासायला पुढे पाठवता येतो.

कर्करोगावर दिली जाणारी किरणे आणि केमोथेरपीची बरीच औषधे करतात तेही हेच, पेशीत इतका बिघाड करतात की तिने स्वतःहून मरावे. केस गळतात, तोंड येते, कारण केसांच्या मुळातल्या आणि तोंडाच्या अस्तरातल्या पेशीही भराभर विभागत असतात आणि त्यांनाही तोच निरोप पोचतो. काही गाठी औषधाला दाद देत नाहीत, त्याचे एक कारण त्यांचा मरणाचा मार्गच बंद झालेला असतो. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीचे मरण अडवून धरते, हे १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात कळले. त्या प्रथिनालाच अडवणारी गोळी, व्हेनेटोक्लॅक्स, २०१६ पासून रक्ताच्या काही कर्करोगांत वापरली जाते. ती पेशीला विष देत नाही, तिला मरायची परवानगी देते.

१९७३ मध्ये डॉ. रणदिवे यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. शिकलेल्या मुली संशोधनात येतात आणि मूल झाले की नाहीशा होतात, हे त्यांनी आपल्याच खात्यात पाहिले होते. पुढे वाशीला संघटनेची वास्तू झाली तेव्हा तिथे नोकरदार मुलींचे वसतिगृह आणि पाळणाघरही निघाले. पाळणाघर हा विज्ञानाचा प्रश्न आहे हे समजायला बहुधा प्रयोगशाळेत काम केलेली आईच लागते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या, आणि गेल्या कुठे तर अकोले तालुक्यात, राजूरच्या बाजूला. घोडेगावहून उत्तरेला जुन्नर, आणि जुन्नरपलीकडे हरिश्चंद्रगडाची रांग ओलांडली की अकोले. जिल्हा बदलतो, माणसे तीच. महादेव कोळी आणि ठाकर, भात, नाचणी, वरई, पाऊस उदंड आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. इकडे हिरडा गोळा करतात, तिकडेही करतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे एक कार्यालय घोडेगावात आहे, तसे दुसरे राजूरला. तिथल्या सत्यनिकेतन या संस्थेच्या साथीने डॉ. रणदिवे यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि गावातल्या बायकांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण दिले. कर्करोगाच्या शास्त्रज्ञाने वजनकाटा आणि दंडाचा घेर हाती घ्यावा, हे काहींना उतरणे वाटले असेल. तसे ते नव्हते.

कुपोषित मूल बारीक दिसते एवढेच आपण पाहतो. आत काय होते ते दिसत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. मुलाच्या प्रतिकारशक्तीतल्या महत्त्वाच्या पांढऱ्या पेशी तिथे तयार होतात. तिथे एरवीही पेशींची कडक निवड चालते. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील अशा आणि निरुपयोगी पेशी मरून जातात, आणि तयार झालेल्यांतल्या थोड्याच बाहेर पडतात. हे मरण हिताचे. पण मूल उपाशी राहिले की याच ग्रंथीतल्या पेशी भराभर मरतात आणि ग्रंथी आक्रसून जाते. आतड्याचे अस्तरही पातळ होते, मग खाल्लेले अंगी लागत नाही. असे मूल उपासाने जात नाही, ते जाते गोवराने, हगवणीने, न्यूमोनियाने. कागदावर कारण म्हणून तोच आजार लिहिला जातो. कर्करोगात पेशी मरत नाहीत म्हणून माणूस जातो, आणि इथे मरू नयेत त्या मरतात म्हणून मूल जाते. दोन्हीकडे बिघडलेला हिशेब एकच आहे.

ही ग्रंथी पुन्हा भरते, पण सावकाश. कुपोषित मुलांच्या छातीची सोनोग्राफी करून हे पाहिले गेले आहे. चांगला आहार मिळाल्यावर वजन महिन्याभरात सावरते, थायमसला मात्र त्याच्या दुप्पट वेळ लागतो. केंद्रातून वजन भरून घरी आलेले मूल पुढचे महिना-दोन महिने वरून धडधाकट आणि आतून उघडेच असते. नेमका याच वेळी आहार बंद होतो, कारण वजन भरलेले असते. पावसाळ्यात वाट बंद असेल, आई-बाप मंचर-नारायणगावकडे मजुरीला गेले असतील, तर त्या घरापर्यंत पोचते ती गावातलीच एखादी शिकवून तयार केलेली बाई. राजूरच्या बाजूला डॉ. रणदिवे यांनी वेळ खर्च केला तो अशा बायकांवर.

२००१ मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी वैद्यकाचे नोबेल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना मिळाले. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्याची प्रत्येक पेशी मोजत त्यांनी दाखवले होते की त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या बरोबर १३१ मरतात, प्रत्येक किड्यात त्याच, ठरलेल्या वेळी. त्याच सुमारास परळची जुनी संशोधन संस्था नवी मुंबईत खारघरला हलली. ॲक्ट्रेक या नावाने ती तिथे चालते, आणि टिश्यू कल्चरच्या खोलीत आजही सकाळी कोणीतरी बाटली उजेडाकडे धरून पाहते.